डोळे मिटा, हात घाला

एस्तेरबाईंबद्दल कुणी चांगलं बोलायला लागलं की मी विषय बदलते. कुणी वाईट बोलायला लागलं की भांडायला उठते. गेली दोन वर्षं माझं हे असं चाललंय. नवरा म्हणतो, एकदा काय ते ठरव. पण ज्या बाईनं मला वाचायला शिकवलं, माझ्या दोन्ही बाळंतपणांत उशाशी बसून राहिली आणि माझ्या सख्ख्या बहिणीची दहा वर्षं मातीत घातली, तिच्याबद्दल एकच काय ते कसं ठरवायचं, हे मला कुणीतरी सांगावं.

बाई दिसायला एवढ्याशा. पाच फुटांना दोन बोटं कमीच. फिकट रंगाची सुती साडी, घट्ट अंबाडा, आणि खांद्यावर सेफ्टी पिनांचा हा झुबका. इतक्या पिना कशाला, असं विचारलं तर म्हणायच्या, "एक माझी. बाकीच्या कुणाकुणाच्या तुटतात त्यांच्या." आणि खरंच, चर्चमधल्या प्रत्येक लग्नात नवरीची काहीतरी अडचण व्हायची आणि पिन बाईंच्या खांद्यावरूनच निघायची. त्यांनी स्वतः लग्न केलं नाही. कारण विचारलं तर सांगायच्या, "आला होता एक. गाता येत नव्हतं त्याला. उपासनेत शेजारी बेसूर माणूस घेऊन आयुष्य काढायचं म्हणजे चेष्टा आहे का?"

एकलहऱ्याला वीजकेंद्राच्या वसाहतीतल्या दवाखान्यात तीस वर्षं त्या नर्स होत्या. निवृत्त झाल्यावर शरणपूर रोडच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या घेऊन राहिल्या, पण नर्सपण काही निवृत्त झालं नाही. चर्चबाहेर भेटल्या की "सलाम" म्हणून हात हातात घ्यायच्या आणि बोटं आपोआप नाडीवर जायची. "सलाम, मीने. रक्त कमी झालंय तुझं. बीट खात जा." त्यांच्या हातचं इंजेक्शन दुखत नाही, अशी एकलहऱ्यात त्यांची ख्याती होती. दुखायचंच. मी घेतलंय ना, मला माहीत आहे. पण दुखणार नाही हे त्या आधी इतक्या ठासून सांगायच्या, की नंतर दुखलं म्हणायची माणसाला लाज वाटायची.

रविवारी उपासनेआधी तासभर मंडळीतली सगळी पोरं बाईंच्या ताब्यात असायची. मी चार वर्षांची असल्यापासून त्या तासाला होते आणि पुढे मोठी झाल्यावर त्यांची मदतनीस म्हणूनही बसायचे. तिथला एक प्रसंग आमच्या मंडळीत अजून हसून सांगतात. पौलाच्या पत्रात विश्वास, आशा आणि प्रीती एका ओळीत येतात आणि प्रीतीला त्यात मोठं म्हटलंय. आम्हा सगळ्यांना ते घडाघडा पाठ होतं. अर्थाच्या नावानं शिमगा होता. एकदा डॅनियल नावाच्या आगाऊ पोरानं विचारलं, "बाई, हे तिन्ही एकच नाहीत का? मग तीन नावं कशाला?"

बाईंनी त्या दिवशी उत्तर दिलं नाही. पुढच्या रविवारी चर्चच्या आवारात आंब्याखाली तीन दगड मांडले, जाळ केला आणि त्यावर डाळीचं पातेलं चढवलं. गॅसवर वाढलेल्या पोरांना चूल म्हणजे सर्कसच वाटली. बाई एकेका दगडाला काठी लावत म्हणाल्या, "हा विश्वास. देव आहे आणि तो खोटं बोलत नाही, हे मानणं. ही आशा. जे अजून आलं नाही, ते येणार म्हणून घरात जागा करून ठेवणं. आणि ही प्रीती. दुसऱ्याचं बरं झाल्याशिवाय आपल्याला चैन न पडणं. बोल डॅनियल, यातला कुठला काढू?"

डॅनियल म्हणाला, "आशा काढा, बाई. तसंही काही येत नाही."

बाईंनी चिमट्यानं दगड ओढला. पातेलं कलंडलं आणि अर्धी डाळ नेमकी तिथून चाललेल्या पाळकसाहेबांच्या नव्या बुटांवर. साहेब एका पायावर नाचताहेत आणि बाई शांतपणे सांगताहेत, "साहेब, जरा थांबा, शिकवणं चाललंय." मग पोरांकडे वळून म्हणाल्या, "बघितलं? तीन असतील तरच भांडं राहतं."

"मग प्रीती मोठी कशी?" डॅनियलनं सोडलं नाही.

"दगड सगळे सारखेच असतात रे. एका बाजूला भार जास्त येतो, एवढंच."

मोठमोठ्या उपदेशकांची प्रवचनं मी ऐकली आहेत. या तीन शब्दांचं याहून सोपं काही मला कुणी सांगितलं नाही. म्हणूनच तर जास्त राग येतो.

आमच्याकडे नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी सकाळच्या उपासनेनंतर वचन उचलायची पद्धत आहे. शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, वचनं चिठ्ठ्यांवर लिहून एका दुरडीत ठेवतात. प्रत्येकानं प्रार्थना करायची, एक चिठ्ठी उचलायची, आणि जे निघेल ते देवानं त्या वर्षासाठी आपल्याला दिलेलं वचन. लोक ती चिठ्ठी पाकिटात ठेवतात, शास्त्रात ठेवतात, काहीजण चौकट करून भिंतीवर लावतात. बाहेरच्याला हा खेळ वाटेल. आमच्या घरी पप्पा वर्षभर कुठलाही मोठा निर्णय घेताना आधी चिठ्ठी काढून बघायचे आणि मग चष्मा पुसायचे.

ही दुरडी गेली कित्येक वर्षं एस्तेरबाईंकडे होती. चिठ्ठ्या त्या स्वतःच्या हातानं लिहायच्या, डिसेंबरभर बसून, जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून. पहिल्या तारखेला दुरडीवर क्रोशाचा रुमाल घालून एकेका बाकापाशी यायच्या आणि प्रत्येकाला तेच चार शब्द सांगायच्या, "डोळे मिटा, हात घाला."

आणि काय एकेक चिठ्ठ्या निघायच्या! डेव्हिडकाकांची बायको वारली, त्या जानेवारीत त्यांना निघालं ते एकटं न सोडण्याचं वचन. आणि खरोखरच त्या महिन्यापासून काकांकडे रोज कुणी ना कुणी डबा घेऊन जायला लागलं. दहावीला दोनदा नापास झालेल्या सुनीताला निघालं की तुझ्या पायांना ठेच लागणार नाही, आणि त्याच आठवड्यात तिच्या घरी गणिताचे एक निवृत्त मास्तर फुकट शिकवायला हजर. आम्ही एकमेकांना सांगायचो, बघा, देव कसा बोलतो. दरवर्षी दुरडी घेऊन समोर उभी असलेली बाई कुणाला दिसलीच नाही. दिसणार कशी? सगळ्यांचे डोळे मिटलेले.

माझे मात्र एकदा उघडायला हवे होते. हरसूलच्या पुढे एका पाड्यावर आमची पाचपन्नास माणसांची छोटी मंडळी आहे. तिथे बाई आणि मी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दुरडी घेऊन गेलो होतो. हरसूलला बाजाराचा दिवस होता, एसटीत कोंबड्या, मिरच्या आणि आम्ही. पाड्यावर एका म्हातारीनं चिठ्ठी उचलली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं ती बाईंच्या हातात दिली आणि विचारलं, "बाय, माझ्या चिठीत काय लिवलंय?"

मी बाईंच्या खांद्यामागे उभी होते. चिठ्ठीत पापांच्या क्षमेचं वचन होतं. बाईंनी ते डोळ्यांपुढे धरलं आणि सरळ वाचलं, "तुझ्या कणगीतला दाणा सरणार नाही."

म्हातारीचा चेहरा असा फुलला की काय सांगू. "लय बरं झालं बाय," म्हणाली, "यंदा भात पिकला नाय."

परतीच्या एसटीत मी म्हटलं, "बाई, चिठ्ठीत तसं नव्हतं."

"तिला क्षमा नको होती गं. कसली पापं केलीत तिनं? तिला भात पाहिजे होता."

"पण देवाचं वचन म्हणून सांगितलंत."

"मग? पुढच्या बुधवारी पोचतं की नाही बघ," असं म्हणून बाईंनी खिडकीला डोकं टेकवलं आणि झोपल्या. बुधवारी हरसूलच्या गाडीवर तांदळाचं पोतं चढवलं त्यांनी, आणि नंतर दर दोन महिन्यांनी. मी घरी येऊन हे सगळ्यांना कौतुकानं सांगितलं. आम्ही पोट धरून हसलो. ताईसुद्धा हसली.

आता ताईचं सांगते. ताई म्हणजे रूथ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, गंगापूर रोडवरच्या एका शाळेत शिक्षिका. लग्न होऊन दोन वर्षं झाली आणि विल्सनदाजींची अंबडची कंपनी बंद पडली. ते वापीला नोकरीसाठी गेले. पेठचा घाट उतरला की वापी, काही परदेश नाही. आधी पंधरा दिवसांनी यायचे, मग महिन्यानं, मग नुसता फोन, आणि दिवाळीनंतर फोनही बंद. पप्पा जाऊन आले. खोली बदलली होती, कंपनीही सोडली होती. कुणाला काही माहीत नाही.

ताईनं अंथरूण धरलं. खाणं सोडलं. नाताळला घरात दिवा लावला तर म्हणाली, डोळ्यांना त्रास होतो, विझवा. मंडळीतल्या बायका येऊन प्रार्थना करून जायच्या, ती भिंतीकडे तोंड करून पडायची. एस्तेरबाई मात्र प्रार्थना करायच्या नाहीत. यायच्या, नाडी बघायच्या, पेजेचे चार चमचे तोंडात घालायच्या, निम्मी पेज साडीवर सांडून घ्यायच्या आणि जायच्या. एक जानेवारीला त्यांनीच तिला रिक्षात घालून चर्चला आणलं. डोळे मिटा, हात घाला. ताईनं हात घातला. तिला वचन निघालं, की जे धीर धरून वाट पाहतात त्यांची आशा फुकट जात नाही.

ताई तिथेच बाकावर रडली. दोन महिन्यांनी पहिल्यांदा. घरी आली आणि म्हणाली, "मीना, भूक लागलीय." मी तव्यावर भाकरी टाकताना देवाचे किती आभार मानले असतील. पुढच्या महिन्यात ती शाळेत रुजू झाली. पुढच्या वर्षी पुन्हा तशाच अर्थाचं वचन, फक्त दुसऱ्या अध्यायातलं. त्याच्या पुढच्या वर्षीही. ताई दरवर्षीची चिठ्ठी शास्त्राच्या शेवटच्या पानात ठेवायची. दाजींना माहीत असलेला फोन नंबर तिनं बदलला नाही. घर बदललं नाही. ती चौतिसाची असताना पाळकसाहेबांनी संगमनेरच्या एका विधुर शिक्षकाचं स्थळ सुचवलं होतं. कायद्यानंही मार्ग मोकळा होईल, असं वकिलानं सांगितलं होतं. माणूस इतका भला, की ताईला भेटायला आला तेव्हा तिच्यापेक्षा तोच जास्त घाबरला होता. त्यांना चहा देऊन ताई म्हणाली, "सर, तुमचा वेळ घेतला, माफ करा. मला वाट बघायला सांगितलंय." त्यांनी कुणी सांगितलं असं विचारलं नाही. पुढे त्यांचं दुसरीकडे जमलं.

त्या बैठकीला एस्तेरबाई हजर होत्या. कोपऱ्यात बसून बशीतल्या चहावर फुंकर घालत होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरच्या सुरुवातीला बाई न्हाणीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण त्या पुन्हा धड उभ्या राहिल्या नाहीत. लता नावाची एक बाई दिवसभर त्यांच्याजवळ असायची. एका दुपारी त्यांनी मला बोलावून घेतलं, लताला भाजी आणायला पाठवलं आणि खाटेखालची दुरडी काढायला लावली.

"यंदा तू धर," म्हणाल्या. "बस इथं, दाखवते."

मला वाटलं, चिठ्ठ्या कशा कापायच्या ते दाखवतील. त्यांनी दुरडी मांडीवर घेतली, रुमाल घातला आणि म्हणाल्या, "आपल्या लोकांची बाकं ठरलेली. पहिल्यावर डेव्हिडकाका, मग भालेरावांचं घर, मग तुम्ही. चर्चला आग लागली तरी लोक आपली जागा सोडायचे नाहीत. म्हणून चिठ्ठ्या त्या क्रमानं डाव्या बाजूला, रुमालाच्या घडीत लावायच्या. त्यांचे डोळे मिटले, हात आत आला, की अंगठ्यानं एक सरकवायची बोटांखाली. घाई नको. सलाईन लावताना शीर शोधतो ना, तसं."

मी हसले. मला खरंच गंमत वाटली. मग हसू थांबलं.

"बाई, म्हणजे सगळ्यांच्या?"

"सगळ्यांच्या कशाला? ज्यांना गरज आहे त्यांच्या. बाकीच्यांना काय येईल ते." आणि मग त्यांनी मला जे सांगितलं ते मला जन्मात विसरता येणार नाही. म्हणाल्या, "पण एक लक्षात ठेव, मीने. जे वचन सरकवशील ते पुरं करायची जबाबदारी तुझी. डेव्हिडचे डबे मी लावले. सुनीताचा मास्तर मी शोधला. चिठ्ठी द्यायची आणि घरी जाऊन झोपायचं, असलं काम नाही हे."

म्हणजे ती देवाची वचनं नव्हतीच. ती बाईंनी स्वतःला घातलेली कामं होती. डिसेंबरात लिहायची आणि वर्षभर पाय तुटेस्तोवर पळून पुरी करायची. एका बाजूनं मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. दुसऱ्या बाजूनं ताई आठवली.

"ताईची?" मी विचारलं.

बाई रुमालाच्या कडा सारख्या करत बसल्या.

"बाई, ताईची चिठ्ठी?"

"मरत होती ती. तू होतीस ना घरात? दहा दिवसांची होती फार तर. औषधानं उठणारी नव्हती."

"पहिल्या वर्षीचं समजलं. पण पुढची?"

मग ते बाहेर आलं. दुसऱ्या वर्षी बाई एकट्याच पेठच्या गाडीनं वापीला गेल्या होत्या. वचन दिलं होतं ना, ते पुरं करायला. दाजींना हाताला धरून आणायला. तिथल्या चर्चमध्ये दोन रविवार जाऊन बसल्या. तिसऱ्या रविवारी विल्सनदाजी आले. सोबत एक बाई होती आणि कडेवर तीनचार महिन्यांची मुलगी.

"मला बघून बाहेर आला," बाई म्हणाल्या. "रडला. म्हणाला, बाई, तुम्ही सांगू नका, मी स्वतः येऊन रूथला सांगतो. ईस्टरपर्यंत येतो म्हणाला. मी थांबले. ईस्टर गेला. म्हटलं, नाताळला येईल. तोवर तुझी बहीण भाकरी खायला लागली होती, शाळेत जात होती, गात होती उपासनेत. मी काय सांगू? कसं सांगू? चिठ्ठी मागे घेतली असती तर नवरा गेलाच होता, देवही गेला असता तिचा."

"आणि संगमनेरचे सर आले तेव्हा?"

बाईंनी दुरडी मांडीवरून खाली ठेवली.

"तेव्हा तर बोलायचं होतं, बाई! तिथेच बसला होतात तुम्ही."

"जीभ उचलली नाही," एवढंच म्हणाल्या.

मी आयुष्यात त्यांच्यासमोर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. म्हटलं, देव खोटं बोलत नाही हा पहिला दगड तुम्हीच आम्हाला शिकवलात, आणि माझ्या बहिणीच्या चुलीतला तोच तुम्ही काढून घेतलात. बाई हळूच म्हणाल्या, "भांडं तर पडू दिलं नाही ना मी." म्हटलं, "पडलं असतं तर बरं झालं असतं. दहा वर्षं रिकामं तापत राहिलं ते." दुरडी तिथेच टाकून मी निघाले. जिन्यात लता भेटली, तिच्या पिशवीतून मेथी डोकावत होती. तिनं विचारलं, "चहा नाही घेतला का?" मी तशीच खाली उतरले.

चार दिवस मी कुणाला बोलले नाही. मग नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आता सांगून काय मिळणार? सुखात आहे ती तिच्या." त्याचं म्हणणं मला जवळजवळ पटलं होतं. मग लक्षात आलं, की गप्प बसले तर दुरडी माझ्याच हातात आली. बाईंनीही असंच एकेक वर्ष करत दहा केली असणार.

नाताळच्या आधीच्या रविवारी दुपारी मी आणि ताई तिच्या स्वयंपाकघरात करंज्या करायला बसलो होतो. मी लाटत होते, ती भरून कडा दुमडत होती. मी सांगून टाकलं. वापी, मुलगी, दुरडी, रुमालाची घडी, सगळं. ताईचे हात थांबले नाहीत. एकेक करंजी ताटात ठेवत राहिली.

"मुलगी किती वर्षांची असेल आता?" तिनं विचारलं.

"नऊएक."

"हं." आणखी दोन करंज्या झाल्या. मग ती म्हणाली, "नवरा येणार नाही हे मला कधीच कळलं होतं गं. बाईमाणसाला कळतं ते. त्याच्यासाठी नव्हते मी थांबले."

"मग?"

"दरवर्षी पहिल्या तारखेला मला वाटायचं, एवढ्या माणसांत देवाला माझं नाव माहीत आहे. इतकी चिठ्ठ्यांची रास, आणि तो बरोबर माझ्याशीच बोलतो. एकदा नाही, दहा वेळा. आणि ते कोण होतं? एस्तेरबाईंचा अंगठा."

मग मात्र ती रडली. पिठाच्या हातांनी तोंड झाकून, लहान पोरीसारखी. मी तिला जवळ घ्यायला गेले तर तिनं मला ढकललं. "तुम्ही सगळ्यांनी मला सांभाळलंत ना," म्हणाली, "आजाऱ्याला सांभाळतात तसं. खरं सांगण्याइतकी मोठी मी कुणालाच वाटले नाही."

त्या जानेवारीत पाळकसाहेबांनी दुकानातून छापील वचनं आणली. दुरडी त्यांनीच धरली. ताई उपासनेला आली, आमच्याच बाकावर बसली, पण दुरडी आली तेव्हा तिनं ती तशीच माझ्याकडे सरकवली. बाईंकडे ती गेली नाही. मी जात होते, आठवड्यातून एकदा, रागातच. बेडपॅन देताना राग धरून ठेवणं किती अवघड असतं हे तेव्हा कळलं. बाई दर वेळी विचारायच्या, "रूथ येईल का?" आणि मी दर वेळी सांगायचे, "नाही येणार, बाई." मला सोपं होतं खोटं बोलणं. मी बोलले नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी लताचा फोन आला. बाई अंबाडा घालून, नवी साडी नेसून, रिक्षा बोलवा म्हणून अडून बसल्या होत्या. डॉक्टरांनी हलवायचं नाही सांगितलं होतं. मी समजावलं, ओरडले. ऐकतील तर एस्तेरबाई कसल्या? शेवटी लतानं, मी आणि रिक्षावाल्यानं मिळून त्यांना उचलून रिक्षात ठेवलं. लता आणि मी त्यांना दोन्हीकडून धरून बसलो. गंगापूर रोडपर्यंत प्रत्येक खड्ड्याला त्यांच्या तोंडून हाय निघत होती आणि प्रत्येक वेळी त्या रिक्षावाल्याला म्हणत होत्या, "तुझी चूक नाही, दादा."

ताई तिसऱ्या मजल्यावर राहते. इमारतीला लिफ्ट नाही. बाई रिक्षातच बसून राहिल्या आणि मी वर गेले. ताई गॅलरीत उभी होती, तिनं रिक्षा येताना पाहिली होती. मी म्हटलं, "ताई, त्यांना जिना चढता येत नाही. दोन मिनिटं खाली ये. त्यांना माफी मागायचीय."

"माहीत आहे मला काय मागायचंय ते."

"जास्त दिवस नाहीत गं त्यांचे."

ताई आत गेली. मला वाटलं, चप्पल घालायला गेली. ती पाण्याचा तांब्या आणि भांडं घेऊन आली आणि माझ्या हातात दिलं. "ऊन आहे," म्हणाली, "त्यांना पाणी दे." आणि मग दाराला हात टेकवून म्हणाली, "आणि बाईंना सांग, वाट बघू नका."

मी खाली आले. बाई दोन्ही हातांनी भांडं धरून सगळं पाणी प्यायल्या. मी ताईचा निरोप जसाच्या तसा सांगितला. पदरचं काही घालून सांगावा असं फार वाटलं, पण नाही घातलं. बाईंनी वर, गॅलरीकडे पाहिलं. ताई तिथे होती. दोघी एकमेकींकडे किती वेळ बघत होत्या, मला सांगता येणार नाही. रिक्षावाला मधेच उतरून पानाची पिचकारी टाकून आला.

मग बाईंनी भांडं माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "शहाणी निघाली पोरगी. एवढे तीन शब्द होते. मला दहा वर्षांत बोलता आले नाहीत."

पुढच्या आठवड्यात त्या गेल्या. पण मला आठवतात त्या तिथल्याच. त्यांनी साडीचा पदर सारखा केला, पाय आत घेता येईना म्हणून लतानं तो उचलून आत ठेवला, आणि त्या पुन्हा वर न बघता म्हणाल्या, "चला दादा, घरी."